आणखी थोडं आवळतो

"साहेबांना पाठवा ना, मॅडम. त्यांना नीट समजावून देतो."

स्पेअर पार्टच्या दुकानदाराचं हे वाक्य पुरतं संपायच्या आत डॉक्टरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या इंजिन ऑइलचा कॅन, ऑइल फिल्टर आणि बोल्टखाली बसवायचा तांब्याचा वॉशर घ्यायला आल्या होत्या. गाडीचं मॉडेल सांगितलं होतं, साल सांगितलं होतं, कुठल्या ग्रेडचं ऑइल हवं तेही सांगितलं होतं. आता साहेबांना समजावून देण्यासारखं त्यात काय उरलं होतं? आणि साहेब! ऑइल कुठून ओततात असं कुणी विचारलं असतं, तर साहेबांनी पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवलं असतं.

"साहेब घरी पेपर वाचतायत," बाई म्हणाल्या. "तुम्ही वॉशर काढा."

दुकानदाराने वॉशर काढला, पण बिल करताना "घरी कोण बसवणार? साहेबच का?" असं विचारल्यावाचून त्याला राहवलं नाही.

डॉक्टरबाई दातांच्या डॉक्टर होत्या. माणसाच्या जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात उभा करणं हे त्यांचं रोजचं काम. लोक त्यांच्यापुढे निमूटपणे तोंड उघडत आणि धारदार हत्यारं आत घालू देत. पण त्याच बाईंनी गाडीचं बॉनेट उघडलं, की येणारा-जाणारा थांबून विचारी, "काय झालं? साहेब नाहीत का?"

यावेळी मात्र प्रकरण नुसत्या रागावर भागणारं नव्हतं. गॅरेजवाल्याने मागच्या आठवड्यात बाईंची गाडी पाहिली आणि फोन केला तो बाईंच्या नवऱ्याला. "ऑइल पार डांबर झालंय, साहेब. मॅडमच्या गाडीकडे कुणी बघत नाही वाटतं." झालं! नवऱ्याच्या हाती आयतं कोलीत मिळालं. त्याचा धाकटा भाऊ बरेच दिवस एखादी गाडी शोधत होता, आणि घरात दोन गाड्या कशाला, हे पालुपद नवरा केव्हापासून आळवत होता.

"साधा नियम आहे," तो जेवताना म्हणाला होता. "ज्याला गाडीची निगा राखता येत नाही, त्याने गाडी ठेवू नये. तुझी गाडी धाकट्याला देऊन टाकू. तुला कुठे जायचं असेल तिथे मी सोडत जाईन."

'मी सोडत जाईन' हे शब्द बाईंच्या फार जिव्हारी लागले. ती गाडी त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची आई एकटी राहायची. दवाखाना बंद केला, मनात आलं, की बाई गाडीत बसत आणि तासाभरासाठी आईकडे जाऊन येत. कुणाला विचारायचं नाही, कुणाच्या सवडीची वाट बघायची नाही. गाडी गेली की ते सगळंच गेलं.

"निगा म्हणजे ऑइलच ना?" त्या म्हणाल्या होत्या. "या रविवारी मी स्वतः बदलते. एक थेंब जरी गळला, तर पुढच्या रविवारी भावजींना गाडी घेऊन जायला सांग."

नवऱ्याने लगेच भावाला फोन करून पुढच्या रविवारची वेळही सांगून टाकली. बायकोच्या हुन्नरावर त्याचा एवढा विश्वास.

रविवारी सकाळी बाईंनी जुना सलवार-कमीज चढवला, कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधला आणि गाडीची पुढची चाकं लोखंडी उतारांवर चढवून मागच्या चाकांना विटा लावल्या. त्या पाठीवर सरकत खाली गेल्या न गेल्या, तोच वरच्या मजल्यावरचे मॅनेजरकाका जिना उतरून आले. काका बँकेतून निवृत्त झाले होते, पण सही करायची हौस गेली नव्हती. कुणी काहीही करत असलं, की काकांची त्यावर मंजुरी लागायची.

"माझं ऐकाल तर," काका बाईंच्या नवऱ्याला म्हणाले, "हे काम गॅरेजला द्या."

नवरा बाजूला चहाचा कप घेऊन उभा होता. "तिला हौस आहे," तो म्हणाला.

"हौस नाही, काम आहे," गाडीखालून आवाज आला.

"वहिनी काय म्हणाल्या?" काकांनी नवऱ्याला विचारलं.

तेवढ्यात समोरचा विमावालाही आला. हा गृहस्थ रस्ता ओलांडतानासुद्धा लोकांना मरणाची आठवण करून द्यायचा. तो वाकून म्हणाला, "वहिनी, गाडी अंगावर आली तर? देव न करो! पण आली तर?"

"आली तर तुमचा हप्ता बुडेल," बाई खालून म्हणाल्या. "उजेडातून बाजूला व्हा."

इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या तळाचा बोल्ट गॅरेजवाल्याने असा काही आवळला होता, की त्याच्यावर त्याचं घरदार तोललेलं असावं. बाईंनी पाना लावला, पान्याला पाइपचा तुकडा जोडला आणि टाचेने दोन लाथा हाणल्या. पहिली गॅरेजवाल्याच्या नावाने आणि दुसरी दुकानदाराच्या. दुसऱ्या लाथेला बोल्ट 'कुर्र' करून हलला. बाई घाम पुसायला बाहेर आल्या.

"थांब, मी बघतो," म्हणत नवरा खाली शिरला आणि दोन बोटांनी बोल्ट फिरवत फिरवत ओरडला, "सुटला!"

"शेवटी पुरुषाचा हात लागावा लागतो," मॅनेजरकाका समाधानाने म्हणाले.

बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सोडवला कुणी, आणि श्रेय कुणाला! पण हे त्यांना नवीन नव्हतं. घरातल्या बरण्यांची झाकणं, नळ, बाटल्यांची बुचं नवरा दात-ओठ खाऊन बंद करायचा. मग कुणालाच उघडेनात. मग तोच यायचा, उघडून द्यायचा आणि वर म्हणायचा, "माझ्यावाचून चालतं का तुमचं?" स्वयंपाकघरातला नळ त्याच्या मुठीने वर्षातून कितीदा तरी बिघडे. प्लंबर तर आता घरातल्यासारखाच झाला होता. बाई यावर तोंड उघडणार असं दिसलं, की नवरा डावा हात वर करायचा. बाईंच्या दवाखान्यात पाटीच होती, 'दुखल्यास डावा हात वर करा.' हा एकच विनोद त्याने लग्नापासून पुरवून पुरवून वापरला होता.

जुनं ऑइल कपडे धुवायच्या टबात पडलं. खरोखरच डांबर होतं. बाईंनी फिल्टर काढला, नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने ऑइलचा हात फिरवला आणि तो हातानेच घट्ट बसवला. मग नवा वॉशर घालून बोल्ट लावला आणि पेटीतून जोर मोजणारा पाना काढला. ठरवलेला जोर भरला, की हा पाना 'टक्' असा आवाज करतो. जबड्यातला स्क्रू आवळायला बाईंकडे असाच एक छोटा पाना होता. टक् वाजलं, की थांबायचं. त्यापुढे आवळणारा माणूस एकतर अडाणी असतो, नाहीतर त्याला पुढच्या महिन्यात पुन्हा काम हवं असतं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

टक्.

"एवढंच?" विमावाला दचकला. "वहिनी, हे धोक्याचं आहे. आणखी थोडं आवळा."

"माझं ऐकाल तर एक वेढा आणखी," काका म्हणाले.

"मलाही जरा ढिलाच वाटतोय," नवरा म्हणाला. त्याने बोल्टकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"चेंबर ॲल्युमिनियमचं आहे," बाई एकेक शब्द चावत म्हणाल्या. "जास्त आवळलं तर आतले आटे जातात. आटे गेले की बोल्ट नुसता फिरत बसतो."

तिघांनी माना हलवल्या. त्या माना ऐकणाऱ्यांच्या नव्हत्या, वाट बघणाऱ्यांच्या होत्या.

बाईंनी खिशातून लाल नेलपॉलिश काढलं आणि चेंबरवरून बोल्टच्या डोक्यावर एक सरळ रेघ ओढली. बोल्ट जरा जरी हलला, तर रेघ तुटलेली दिसेल, असा हिशोब.

"वा! गाडीचा मेकअप!" विमावाला म्हणाला आणि तिघंही पोट धरून हसले.

बाईंनी नेलपॉलिशचं बूच लावलं. त्यांनी नवं ऑइल ओतलं, पट्टी बुडवून पातळी पाहिली, इंजिन सुरू करून खाली दिवा मारला. बोल्ट कोरडा होता आणि फिल्टरही कोरडा होता. गाडी मांजरीसारखी गुरगुरत होती. कुणीतरी "वा" म्हणेल म्हणून बाईंनी वर पाहिलं, तर तिघं दुसऱ्या चहाची चर्चा करत होते.

तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. एका मुलीचा पुढचा दात पडला होता आणि उद्या तिची मुलाखत होती. दवाखाना कोपऱ्यावरच होता. बाईंनी हात धुतले आणि निघताना बजावलं, "गाडीला कुणी हात लावायचा नाही."

"छे छे!" तिघं एका सुरात म्हणाले. इतकं एकमत या तिघांत पूर्वी कधी झालं नव्हतं. बाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या दात बसवून परत आल्या, तेव्हा गाडी उतारांवरून खाली काढून जागेवर लावलेली होती. नवऱ्याच्या हाताला काळं लागलं होतं. "उतार उचलताना लागलं," तो म्हणाला. काका आणि विमावाला भलतेच अदबीने बोलत होते. काका तर चक्क म्हणाले, "छान केलंत हो, वहिनी." बाई खूश झाल्या, आणि याबद्दल त्यांना पुढे स्वतःचाच फार राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली ऑइलचं थारोळं होतं. नवंकोरं, मधाच्या रंगाचं ऑइल फरशीच्या फटींतून वाहत पार विमावाल्याच्या पायरीपर्यंत पोचलं होतं.

"तरी मी म्हणत होतो!" विमावाला पायरीवरून ओरडला. "बोल्ट ढिला राहिला."

बाई होत्या त्या कपड्यांत गाडीखाली शिरल्या. चेंबरवरची लाल रेघ जागच्या जागी होती. बोल्टवरची रेघ तिथून निघून बरीच पुढे, उजवीकडे गेली होती. बाईंनी बोल्टला बोट लावलं, तर तो बिनविरोध फिरला. आटे गेले होते.

त्या तणतणत बाहेर आल्या. "कुणी आवळलं?"

"कुणी म्हणजे?" नवरा म्हणाला.

"बोल्ट ढिला असता तर रेघ डावीकडे गेली असती. ती उजवीकडे गेलीय. मी गेल्यावर कुणीतरी आवळलाय हा."

"नेलपॉलिश काय हो," काका नवऱ्याला म्हणाले, "गरम झालं की सरकतं."

"उजवीकडेच सरकतं?"

"माझं ऐकाल तर वहिनींना म्हणावं, चूक कबूल केली की माणूस लहान होत नाही."

डॉक्टरबाईंना त्या क्षणी काय काय बोलावंसं वाटलं, ते लिहिण्यासारखं नाही. तिघांनी कानावर हात ठेवले होते. बाईंपाशी पुरावा होता, पण पुरावा नेलपॉलिशचा होता, आणि न्यायाधीश तेच तिघे होते.

"ठरलं होतं तसं," नवरा जरा मऊ आवाजात म्हणाला. "धाकटा रविवारी येतोय. बोल्टचं काम तो बघून घेईल."

तो आठवडा बाईंनी कसा काढला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. रोज सकाळी नवरा त्यांना आपल्या पांढऱ्या गाडीतून कोपऱ्यापर्यंत सोडायचा. चालत गेलं तर लवकर पोचता यायचं, पण सोडण्याचं पुण्य त्याला हवं होतं. वाटेत तो निगा या विषयावर बोलायचा. बुधवारी संध्याकाळी आईचा फोन आला, "येतेस का गं जरा?" बाईंनी नवऱ्याला विचारलं. त्याची मॅच होती. "उद्या सोडतो," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याची मीटिंग निघाली. बाई खोलीत जाऊन दार लावून बसल्या. त्यांना रडू आलं ते गाडीपेक्षा या 'सोडतो'चं.

शनिवारी सकाळी नवरा दवाखान्यात आला. सोबत मॅनेजरकाका होते, गालावर हात दाबून धरलेले.

"डॉक्टर, मरतोय हो," काका विव्हळले. गाडीखाली ज्या 'वहिनी' होत्या, त्या दाढेपाशी आल्या आल्या 'डॉक्टर' झाल्या.

बाईंनी काकांना आत खुर्चीत घेतलं. नवरा काचेच्या दाराबाहेर बाकावर काकांची पाण्याची बाटली सांभाळत बसला. दाढ तपासून बाईंनी भुलेचं इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे बोळे बसवले, लाळ ओढायची नळी ओठाला अडकवली.

"भूल चढायला थोडा वेळ लागेल, काका. तोवर आपण बोलू. म्हणजे मी बोलते, तुम्ही तोंड उघडं ठेवा. दुखलं की डावा हात वर करायचा, माहीत आहे ना? आज 'होय' म्हणायचं असेल तरी तोच हात."

काकांनी डोळ्यांनी होकार दिला. 'माझं ऐकाल तर' म्हणायची सोय नसलेले काका बाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

"त्या दिवशी मी इकडे आले, तेव्हा तुम्ही माझ्या गाडीखाली गेला होतात?"

काकांची नजर छताकडे गेली. बाईंनी ड्रिल उचललं आणि पायाने कळ दाबून हवेतच एकदा फिरवून पाहिलं. तसं त्या प्रत्येक पेशंटआधी फिरवून पाहत. पण काकांना हे कुठून ठाऊक असणार?

डावा हात हळूहळू वर आला.

"आवळलंत?"

हात तसाच राहिला. उजव्या हाताच्या दोन बोटांत काकांनी चिमटीएवढं अंतर दाखवलं. एवढंसंच.

"आणि विमावाला?"

हात आणखी वर गेला. चिमूट जरा मोठी झाली.

बाईंचं रक्त उसळलं, पण दवाखान्यात त्या आवाज चढवत नसत. "दोघांनी मिळून माझ्या बोल्टचे आटे घालवलेत आणि आठवडाभर मला सुनावलंत. शाबास! आता हात खाली घ्या."

काकांनी हात खाली घेतला नाही.

"आणखी कोण?"

काकांचं बोट वळलं आणि काचेच्या दाराकडे स्थिरावलं. दारापलीकडे नवरा काकांच्या बाटलीतलं पाणी पिऊन झाकण लावत होता. खालचा ओठ दातांत धरून, दोन्ही कोपरं उचलून, बाटली कुणी पळवून नेणार असल्यासारखं आवळत होता. काकांनी खुर्चीतल्या खुर्चीत दोन्ही हातांनी एक अदृश्य पाना धरला, सगळं अंग त्यावर टाकलं आणि कापसाच्या बोळ्यांमधून घशातल्या घशात आवाज काढला, "खट्!"

बाईंनी काचेतून नवऱ्याकडे पाहिलं. आठवडाभर निगा शिकवत होता तो. ज्या हाताने आटे घालवले, त्याच हाताने रोज स्टिअरिंग फिरवत उपदेश करत होता.

मग त्यांनी काकांची दाढ कोरून, साफ करून, मन लावून भरली. राग दाढेवर काढायचा नसतो. काकांना जरासुद्धा दुखलं नाही. हात धुऊन, टिपून त्या बाहेर आल्या. मागून अर्धं तोंड बधिर झालेले काका आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"झालं?" नवरा उठत म्हणाला. "चला, सोडतो तुम्हाला."

"बस," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकून समोरच्या टेबलावर ठेवला.

"हां वहिनी," पलीकडून दीर बोलला. "उद्या येतोय ना मी. दादा म्हणाला, बोल्टचं काहीतरी झालंय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"मुळीच नाही, भावजी. सकाळीच या. टाकी भरून ठेवते. फक्त माझी लाल गाडी नाही, तुमच्या दादाची पांढरी न्यायचीय."

दीर गडबडला. "दादाची? अहो, पण ती तर चांगली आहे."

"म्हणून तर चांगल्या हातात जाऊ दे. ज्याला गाडीची निगा राखता येत नाही, त्याने गाडी ठेवू नये, असा आमच्या घरात नियम आहे. तुमच्या दादानेच केलाय. माझा बोल्ट शेवटचा कुणी आवळला, ते आत्ताच कळलं मला. साक्षीदार इथे उभे आहेत."

काकांनी बधिर ओठांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. ते न जमल्यामुळे नुसती मान डोलावली.

"पण वहिनी, दादा ऑफिसला कसा जाणार?"

"त्याची काळजी नको. तुमच्या दादाच्या खर्चाने माझा बोल्ट दुरुस्त होऊन आला, की त्याला कुठे जायचं असेल तिथे मी सोडत जाईन," डॉक्टरबाई गोड आवाजात म्हणाल्या. "मला सवड असली म्हणजे."

"दादाला हे चालणार आहे का?" दिराने विचारलं.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो बाकावर ताठ बसला होता, मांडीवर ती कधीच न उघडणारी बाटली घेऊन. त्याने काकांकडे पाहिलं, काकांनी पाटीकडे पाहिलं. मग नवऱ्याने, यावेळी अजिबात विनोद न करता, हळूच डावा हात वर केला.